गुरुबसप्पा सरांचं टाइमटेबल

लातुरात आमच्या गल्लीतलं लेकरू दहावी झालं की थेट गुरुबसप्पा सरांकडे जातं. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. पहाटे साडेचारपासूनचं टाइमटेबल ते पट्टीने आखून देतात. आंघोळ आठ मिनिटं, जेवण बारा. माझा मुलगा आठ दिवसांत तापाने पडला, तर सरांनी तापाचे तीन दिवस पुढच्या महिन्याच्या सुट्ट्यांतून वळते करून घेतले. मला भयंकर राग आला होता. पण तेवढ्यात सरांच्याच हाताखालचा गल्लीतला एकजण डॉक्टर झाला आणि बोलायची सोय उरली नाही.

सरांची मुलगी वर्षाराणी याच टाइमटेबलावर दोन वर्षं राबली आणि मेडिकल प्रवेशाच्या पेपरात तासभर नुसती बसून राहिली. मग जळकोटच्या लहानशा कॉलेजात बीएस्सीला गेली. वर्गात अकरा जण. तिथे ती पुन्हा हसायला लागली, पहिली आली. यंदा तिला नांदेडला, मोठ्या विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. तिथल्या पहिल्या सेमिस्टरला कमीत कमी पाच विषय घ्यायचे, जास्तीत जास्त आठ. सरांनी आठ आखले.

"आठ घेता येतात, तर तीन सोडायचे व्हय?" हा त्यांचा हिशोब.

फॉर्म भरायच्या दिवशी गाडी माझी, म्हणून मीही सोबत. सरांनी टाइमटेबल लॅमिनेट करून आणलं होतं. नऊ ते दहा एका इमारतीत, दहा ते अकरा दुसरीत. "एकदा करून बघू," म्हणत सर घड्याळ लावून निघाले. दुसरी इमारत यायला सतरा मिनिटं लागली. तिसरी टेकाडापलीकडे. अर्ध्या वाटेत सर कठड्यावर बसले, शर्ट घामाने चिंब.

"च्यायला, चालणं धरलंच न्हाई की!"

मी पोट धरून हसलो. वर्षाराणी हसली नाही. ती त्यांच्याशेजारी बसली.

"अप्पा, मी पाचच घेणार. आधी रस्ते कळू द्या, शिकवणारे कळू द्या. पुढच्या सेमिस्टरला वाढवते."

"पाच झेपतील?"

"झेपतील."

सरांनी कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाले, "मेडिकलच्या वक्ताला झेपत नव्हतं, तर सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं की. तुमी म्हणालात, पेपर झाल्यावर बोलू. पेपर झाला, आन तुमी माझ्याशी बोलणंच टाकलं."

माझं हसू केव्हाच गेलं होतं. कुठे बघावं ते कळेना.

सरांनी खिशातला पेन काढून तिला दिला. तिने मांडीवर फॉर्म ठेवून एकेक करत पाच विषय लिहिले. फॉर्म घ्यायची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता, म्हणून मी त्यांना उठायची खूण केली. सरांनी हातानेच मला थांबवलं.

"अजून काय सांगायचं राहिलंय, बाई?" ते तिला म्हणाले. "सांग. मी बसलोय."