होडीच्या मेस्त्रीने केलेला बॅटरीचा ट्रे

तेव्हा मी रत्नागिरी-देवरूख रस्त्यावर एका मालकाची भाड्याची मोटार चालवत असे. मोटारीची बॅटरी माझ्या पायांखालच्या फळीच्या खाली, एका लोखंडी ट्रेमध्ये बसवलेली होती. तिच्यातलं तेजाब थोडं थोडं सांडायचं, वर आमची खारी हवा. ट्रे आतून खाल्ला जातोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एकदा वैशाखात नवरदेवाला घेऊन देवरूखला निघालो होतो. घाट चढताना पायांखाली धप्पकन आवाज झाला आणि मोटार बंद पडली. फळी उचलून बघतो, तर ट्रेचा तळ गळून पडलेला आणि बॅटरी एका तारेला लोंबकळतेय. मुहूर्त जवळ आलेला. सोबत बसलेल्या नवरदेवाच्या मामांनी खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढून माझ्या हातात दिलं. बॅटरी झोळीत घातल्यासारखी बांधली, तार जोडली आणि वेळेत मांडवात पोचलो. उपरणं सोडलं तेव्हा त्याची चाळण झाली होती. मामांनी ते तसंच खांद्यावर टाकलं आणि लग्नभर सगळ्यांना दाखवत हिंडले, "भाच्याचं लग्न ह्या उपरण्यानं लागलं!"

दुसऱ्या दिवशी लोहार जाड पत्र्याचा ट्रे करून द्यायला तयार होता. पण खाडीवर होड्या बांधणारा एक म्हातारा मेस्त्री माझ्या ओळखीचा होता, त्याने मला अडवलं.

"आमसुलाची कढी कोण लोखंडात ठेवतं काय, डायवर? तुमचं तेजाब तर कढीचा आजा!"

त्याने सागवानी ट्रे केला, सांध्यांत राळ भरली, आतबाहेर डांबराचे दोन हात दिले. बॅटरी हलू नये म्हणून चामड्याचे पट्टे लावले. देखणं काम होतं.

पावसाळ्यानंतर एक पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडताना चाकांनी उडवलेलं पाणी वरून ट्रेमध्ये शिरलं. फळी उचलली तर बॅटरी कमरेएवढ्या पाण्यात आंघोळीला बसलेली! मी ट्रे घेऊन खाडीवर गेलो.

"मेस्त्री, तळाला चार भोकं पाडून द्या."

त्याचा चेहराच पडला. "माझ्या हातच्या होडीत कधी थेंब शिरला नाय, आणि तुम्ही म्हणता भोकं पाड?"

"पण ही होडी नाही ना! हिच्यात पाणी वरून येतं, ते जायला वाट नको?"

त्याने गिरमिट माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "तुमची तुम्ही पाडा. मी बघणार नाय." आणि खाडीकडे तोंड करून बसला. मी पहिलं भोक पाडायला घेतलं, ते तिरकं जाऊ लागलं. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं. ताडकन उठून त्याने गिरमिट हिसकावलं.

"पाडायचीच तर सरळ तरी पाडा!"

ते भोक सरळ करून उरलेली तीनही त्यानेच पाडली, आणि प्रत्येकाच्या आत डांबराचं बोट फिरवलं.

पुढे दर आठवड्याला मी बॅटरी उतरवून ट्रे सोड्याच्या पाण्याने धूत असे, उन्हात वाळवून मगच परत बसवत असे. बायको म्हणायची, "भज्यांना चिमूटभर सोडा उरत नाही घरात." काही वर्षांनी मालकाने नवी मोटार आणली, तेव्हा जुनीतला तो ट्रे मी काढून घेतला आणि नव्या मोटारीत बसवला. चपखल बसला.