दिवेलागणीनंतरची भक्ती

सर्व आप्तेष्टांस, हितचिंतकांस आणि भिंतीला कान लावून बसलेल्यांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या घराण्यात आजवर कुणालाही कसलाही आजार झालेला नाही. आमच्याकडची माणसं वारतात, तीसुद्धा ठणठणीत प्रकृतीनं.

हे निवेदन माझ्या आत्याचं. माझ्या लग्नाचा विषय निघाला की ती ते दवंडी पिटावी तसं म्हणायची. आमच्यात भावाच्या मुलीवर बहिणीच्या मुलाचा पहिला हक्क. आत्यालाही तिच्या आत्याच्या घरीच दिलेलं, आणि मी आत्याच्या घरी जाणार हे पाळण्यातच ठरलेलं. माझी तक्रार नव्हती. आतेभाऊ देखणा होता, वकिली शिकत होता आणि मी केलेल्या नकलांना पोट धरून हसायचा. नवऱ्यात आणखी काय बघायचं असतं?

शिवाय तो भाविक. दिवेलागण झाली की देवघरात समईपुढे बसायचा, तो उठायचाच नाही. जेवणाचं ताटही आत्या तिथंच नेऊन द्यायची. मलकपेठेतल्या बायका आपापल्या पोरांना त्याचं उदाहरण देत. रझाकारांच्या दिवसांत तर अंधार पडायच्या आत लोक कड्या लावून बसत. मग त्याचं वेगळेपण कुणाला दिसणार? अख्खं हैदराबादच भाविक झालं होतं.

पुढे पोलिस ॲक्शन झाली, निजामी संपली, संध्याकाळी रस्त्यांवर पुन्हा माणसं दिसू लागली. आत्या, तो आणि मी शालू घ्यायला कोठीच्या बाजारात गेलो. आत्यानं परत निघायची सारखी घाई लावली, पण मी दुकानदाराला एकेक शालू उलगडायला लावला. मिरवायची हौस मला तेव्हाही होती. मलकपेठेत टांग्यातून उतरलो तेव्हा अंधारलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस उभी होती. म्हैस म्हणजे काही नजरेतून सुटणारी वस्तू नव्हे. आतेभाऊ सरळ जाऊन तिच्यावर आदळला आणि अदबीनं म्हणाला, "माफ करना, भाईसाब."

मी हसून हसून भिंतीला टेकले. "अरे, भाईसाबांना शिंगं आहेत!"

"नवरीकडे बघत चालला होता मेला, दुसरं काय!" आत्याही हसत होती. पण तिचा हात केव्हाच त्याच्या कोपराशी गेला होता, अंधारात आपला हात घरच्या कडीवर न चुकता जातो तसा. माझं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांपुढे हट्ट धरला. त्याचे डोळे दाखवल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही.

"उन्हात घडाघडा पेपर वाचतो की तो," वडील म्हणाले.

"मग संसार काय उन्हातच करायचाय का मी?"

कोठीतल्या डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो. खिडकीला काळा पडदा ओढून त्यांनी त्याच्या डोळ्यांत उजेड सोडला आणि कितीतरी वेळ पाहिलं. मग पहिला प्रश्न विचारला तो आत्याला. "अम्मा, तुमचं लग्न नात्यात?"

"आमच्यात नात्यातच होतं."

डॉक्टर तेलुगू होते, पण मराठीत नीट समजावून सांगत. म्हणाले, डोळ्याच्या मागे एक पडदा असतो, त्याच्या कडेच्या पेशी मंद उजेडात बघतात. याच्या त्या पेशी मरत चालल्या आहेत. आज रात्रीचं दिसत नाही, पुढे दिवसाही नळीतून पाहिल्यासारखं दिसेल. औषध नाही. हा दोष आईबापांकडून येतो. एकाच बाजूनं आला तर निजून राहतो, माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्ही बाजूंनी आला की जागा होतो. घरातल्या घरात लग्नं होत राहिली, तर असे दोन निजलेले एकत्र यायचा संभव वाढतो.

"आणि ही मुलगी कोण?"

"मामाची," मी म्हणाले.

"मग तुझ्यातही तो निजलेला असू शकेल. नसेलही. तपासून सांगता येत नाही. असला, तर तुमच्या मुलांना धोका. घरात आणखी कुणाला होतं?"

"कुणालाही नाही," आत्या म्हणाली.

"थोरले काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

थोरले काका म्हणजे वडिलांचे आणि आत्याचे मोठे भाऊ. अंधार पडला की ते जागचे हलत नसत, शेवटी शेवटी तर दिवसाही. घरात त्याला वैराग्य म्हणत. आत्यानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं, आणि पंखा बंद होता. लहानपणी या दोघांनीच त्या भावाचे कोपर धरले असणार. माझ्या लग्नाची तयारी करतानाही त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी मनात एक जोरदार भाषण जुळवलं. ते अजून तसंच पडून आहे, कुणाला लागलं तर खुशाल न्यावं. लग्न मोडलं, पण त्या भाषणानं नव्हे. माझी समजूत होती की या कटात आतेभाऊही सामील आहे. आपल्याला दिसत नाही हे ज्याचं त्याला कळणारच. तो काळ्या पडद्याच्या अंधारात उठला, स्टुलाला अडखळला. आत्याचा हात कोपराशी आला तसा त्यानं तो झटकला आणि ओरडला,

"आई, म्हणजे बाकी सगळ्यांना रात्री दिसतं?"