पलंगाखालचं जपान

आमच्या सोसायटीत असं बोललं जातं की शालनमावशीच्या पलंगाखाली चोरीची गाडी आहे. जुईनगरच्या ज्या घरात पाण्याचं पिंप ठेवायला जागा नाही, तिथे अख्खी स्पोर्ट्स कार कशी मावली, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या स्मिताकाकू तर आवाज बारीक आणि डोळे मोठे करून सांगतात, "अगंऽ, मी स्वतःऽ पाहिलंय. पलंगाखाली काहीतरी चमकलं. खोटं कशाला बोलू?"

चमकलं ते खरं आहे. पण ती गाडी नाही, गाडीचा एक भाग आहे. सहा वाकड्यातिकड्या नळ्या येऊन एकाच तोंडात मिळतात, असं स्टीलचं धूड. आणि ते चोरीचं असणं शक्यच नाही, कारण ते मावशीनेच बनवलं. आपलीच वस्तू आपल्याच पलंगाखाली ठेवायला पोलिसांची परवानगी लागत नाही.

शालनमावशी मूळची खटावकडची. तिचे यजमान किसनकाका वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. त्यांची पाठ गेली आणि घरात बसायची पाळी आली, तेव्हा मावशी तळोज्याच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला लागली. काम काय, तर दुसऱ्यांनी मारलेले वेल्डिंगचे जोड घासून चकचकीत करायचे. थोडे दिवस तिने मुकाट्याने घासले. मग मालकाला म्हणाली, "ह्यांचं वाकडं मी किती दिवस सरळ करू? मला बी द्या की वेल्डिंगचा टॉर्च हातात." आज केमिकल कंपन्यांचे स्टीलचे पाइप ती जोडते. तिचा जोड गोधडीच्या टाक्यांसारखा एकसारखा पडतो. कोणी म्हणेल, बाई किती साधी असेल. अजिबात नाही. आपल्या कामासमोर माणसाला मनगट धरून उभं करते. "बघ, हात लाव. बोट आडतंय का कुठं? न्हाय आडायचं!"

त्या कामात एक पद्धत आहे. प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो. जोड मारला की शेजारी पंच, म्हणजे टोकाला आकडा कोरलेला लोखंडी खिळा, ठेवून हातोडीने तो नंबर ठोकायचा. उद्या गळती लागली तर कोणाला बोलवायचं ते कळतं. बाकीच्यांना त्या नंबरची धास्ती असते. मावशीला मात्र तो मिरवायला हवा असतो. तिचा नंबर एस-सात. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर एस-सात आहे, तिच्या पोळपाटाच्या स्टँडवर आहे. सोसायटीच्या गेटवरचं बिल्डरचं नाव कधीच उडालं, खालचं एस-सात जागच्या जागी आहे.

आता कुलदीप. दिघ्यात वाढलेला, मावशीच्या शेडला लागूनच त्याचं गॅरेज. गाड्या जोरात पळवायची कामं घेतो. मावशीचा डबा अर्धा त्याचाच असायचा. एकदा चष्मा न लावता वेल्डिंगकडे बघत बसला आणि डोळ्यांची आग आग झाली, तर मावशीने कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचा आवाज मला इतका हुबेहूब यायचा की मावशी दर रविवारी भांडी घासता घासता हाक मारायची, "शिरुती, कुलदीप कर गं." मी मान वाकडी करून, नाकातून म्हणायचे, "मावशेऽ, टेन्शन नय घेनेका! आपन हाय ना!" मावशीच्या हातून पातेलं निसटायचं.

तर ह्या कुलदीपकडे इंद्रजित नावाच्या खारघरच्या माणसाची जुनी जपानी स्पोर्ट्स कार आली. इंजिनाला दोन टर्बो. गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा म्हणजे टर्बो. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून गाडी सुसाट जाते. एक छोटा पंखा आधी जागा व्हायचा, मग दुसरा, आणि मधल्या क्षणी गाडी उचकी लागल्यासारखी अडखळायची. इंद्रजितला दोन्ही काढून एकच मोठा बसवायचा होता. कुलदीपने मावशीला समजावलं, "दोन पोरं ढकलतात, एक थकलं की दुसरं. त्यापेक्षा एक पैलवान. उठायला टाइम घेतो, पन उठला की खलास!" पैलवान गॅरेजमध्ये आलाही होता. नव्हती ती इंजिनाच्या सहा तोंडांचा धूर त्याच्या एका तोंडात नेणारी जोडणी, म्हणजे मॅनिफोल्ड.

"ती तू कर मावशे. नंबर पन टाक तुझा. आनि गाडी चालू झाली का पहिला राउंड तुझा, पुढच्या सीटवर."

मावशीने मनावर घेतलं. नळ्या इंजिनाच्या खबदाडीत कशा वळवायच्या ते ठरवायला तिने आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. त्यासाठी घरोघरी जाऊन पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या रिकाम्या नळ्या मागितल्या. स्मिताकाकूंनी तर अर्धं फॉइल बाकी असताना नळी मोकळी करून दिली. अख्ख्या बिल्डिंगला कळलं. मावशी जिन्यात थांबून सांगायची, "माजा नंबर हायवेनं पळनार हाय. तुमी नुसतं बघा." पुठ्ठ्यावरून स्टील कापलं, जोडलं. वेल्ड आतून जळून खरबरीत होऊ नये म्हणून नळ्यांत गॅस भरून, श्वास धरून एकेक टाका घातला. आणि जिथे सहाही नळ्या एक होतात, तिथे ठोकलं, एस-सात.

गाडी चालू करायच्या दिवशी मावशी मलाही घेऊन गेली. तिने लग्नाकार्याची साडी नेसली होती. पिशवीत नारळ होता. गॅरेजमध्ये मोबाइल घेतलेली पोरं, दिवे, आणि मधोमध बॉनेट उघडं टाकून ती गाडी. मावशी थेट बॉनेटकडे गेली. वाकून बघितलं. मग तिने एका जागेवर बोट फिरवलं, परत फिरवलं. नंबर नव्हता. ग्राइंडर मारून, घासून, ती जागा आरशासारखी केली होती.

तेवढ्यात कॅमेऱ्यावरच्या पोराने विचारलं, "भाई, ये मॅनिफोल्ड किधर का है?"

कुलदीप म्हणाला, "इम्पोर्टेड. डायरेक्ट जपान."

मग त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं. "मावशी, तुम्ही जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना." आयुष्यभर 'तू मावशे', आणि त्या दिवशी 'तुम्ही'. इंद्रजितने हसून विचारलं, ह्या कोण? "शेजारच्या शेडमधल्या मावशी. नारळ फोडायला बोलवलंय."

मावशीने नारळ फोडला. एका फटक्यात फोडला. पाणी चाकावर शिंपडलं, खोबऱ्याचा तुकडा इंद्रजितच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सुखी ऱ्हावा." गाडी सुरू झाली. आधी नुसती घरघर, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम पोटातून शीळ. पुढच्या सीटवर कुलदीप बसला होता.

परत येताना तिला हसवावं म्हणून मी रिक्षात मान वाकडी केली. "मावशेऽ, टेन्शन..."

"गप ऱ्हा."

व्हिडिओ आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी पाहिला. स्मिताकाकूंनी जिन्यातच गाठलं. "काय हो शालनबाई, आमच्या फॉइलच्या नळ्या जपानला पोचल्या म्हणे?" हशा पिकला. गेटवर नंबर असलेली बाई त्याच गेटमधून खाली मान घालून जायला लागली. खरं काय ते मी सांगत फिरले, पण जी पोरगी सगळ्यांचे आवाज काढते तिचं खरं कोण मानणार? सगळ्यांना वाटलं, नवीन आयटम आहे.

मला मात्र खात्री होती. मी म्हटलं, "मावशी, तो येईल. दोन शब्द गोड बोलेल आणि तू पाघळशील."

"लाव पैज."

मी जिंकले तर ती मला शेडमध्ये नेऊन एक जोड मारू देणार. ती जिंकली तर मी कुलदीपचा आवाज पुन्हा कधीच काढायचा नाही. माझी निम्मी मिमिक्री त्याच्यावर चालायची, पण मी हात पुढे केला. जिंकणारच होते.

श्रावणातल्या एका रविवारी कुलदीप आला. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड. तडा गेला होता. मावशीने चहा टाकला! मी किसनकाकांना डोळा मारला. काका निकाल लागायच्या आत पेढ्यांना लागले होते.

मावशी ते खिडकीच्या उजेडात घेऊन गेली. "जितं घासलंस तितंच फुटलंय. पत्रा पातळ केलास."

"चुकलो ना मावशे." तो खाली बसला, तिच्या पायांजवळ. "कस्टमरला इम्पोर्टेडच पायजे असतं. कॅमेरा समोर असला का तोंडातून निघतं. तुला काय कमी समजतो का मी? एक जोड मारून दे. तुझ्या हातासारखा हात नाय कोनाचा."

मावशीने पदराने ती जागा पुसली. किती हळू पुसली! मी मनातल्या मनात हातमोजे घालायला लागले.

"मारते," ती म्हणाली. "पर माजा नंबर पडंल. आनि त्या इंद्रजितला तू सांगशील, कुनी केलं त्ये."

कुलदीपने कप खाली ठेवला. "नंबर नको ना मावशे. त्याला काय सांगू आता? खोटा पडेन मी."

मावशीने ते धूड त्याच्यासमोर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"जपानचा माल हाय न्हवं? मग जपानला धाड."

तो हसला. आपल्याला वाटतं ना, पुढच्या क्षणी समोरचा पण हसेल, तसा. मावशी कप विसळायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. शेवटी तो उठला. जाताना ते उचललंही नाही त्याने. पुढे इंद्रजितच्या गाडीला म्हणे खरोखरच बाहेरून मागवलेलं बसवलं. हे इथेच राहिलं. काकांनी पायाने पलंगाखाली सरकवलं, आणि स्मिताकाकूंना चमकताना दिसलं.

मी म्हटलं, "मावशी, आता तरी नंबर मार त्याच्यावर. तुझंच आहे."

"फुटल्यालं हाय. फुटल्याल्यावर कोन नंबर मारतं?"

"मग ठेवलंयस कशाला?"

"जागा हाय म्हनून."

जागा नाही, हे वर सांगितलंच आहे.

गणपतीत स्टेजवर चढले तर खालून पोरं ओरडायला लागली, "कुलदीप कर! कुलदीप कर!" मावशी पहिल्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी स्मिताकाकू केल्या. 'स्वतःऽ पाहिलंय'ला टाळ्या पडल्या, मावशी पण हसली, पण तिच्या हातून पातेलं निसटावं तशी नाही.

पैज मी हरले. तो आवाज आता काढत नाही. लिहायचा नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.