सुमित्राबाईचं बिनसंदर्भाचं चरित्र

नालवाडीच्या सुमित्राबाईचं चरित्र कोणी लिहिणार नाई. तिनं काई मोटरसायकल पळवली नाई, का कप आणला नाई. म्हणून मीच सांगते. ज्या बाईवर आपण अर्धी जिंदगी जळतो ना, तिची बारीकसारीक खबर आपोआप ठेवल्या जाते. मी धुरपता, नाचणगावची. जळते तं जळते, लपवू काऊन?

माही नणंद सुलोचना नालवाडीले दिली होती. सुमित्रा तिची मोठी जाऊ. सुलोचनाचा नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नसे. पह्यलं बाळंतपण माहेरी, ही रीतच हाय, म्हणून आमी सुलोचनाले नाचणगावले आणलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, चुलीमागच्या खोलीत, राकेश झाला. दाईले डोळ्यानं कमी दिसे, तं कंदील मी धरला. मी स्वतः ओली बाळंतीण. मेघा माही दुसरी, म्हणून ती सासरीच झालती, अन् तवा महिन्याची होती. ती पाळण्यात कोकलून राह्यली होती, पण तिच्याकडं पाहाले कोणाले फुरसत नव्हती. पुढं दोन महिन्यांत सुलोचना तापानं गेली. मंग दोन्ही लेकरं माह्याच अंगावर प्याले. एकीले इकडं, एकाले तिकडं.

आता सुमित्रा. लगन होऊन कितीक वर्षं झालते, पोटी लेकरू नाई. अंगण असं सारवलेलं का पाय ठेवाले लाज वाटावी. बोलणं असं गोड का समोरच्याले वाटावं, आपणच भांडखोर हाओ. राकेश तीन वर्षाचा झाला तशी ती नवऱ्याले घेऊन आमच्या दारात. "आता शाळेचं पाह्यलं पाह्यजे ना बाई," म्हणे. आमचे हे म्हणे, बाप तं ट्रकवरच राह्यते, त्याईच्या घरचं लेकरू हाय, नेऊ दे. अन् सुमित्रानं येताना काय आणावं? तीन चाकाची लाल सायकल! पोट्टा तिच्यावर बसला तो उतरेच ना. शेवटी सायकलसकट उचलून एसटीत ठेवला. त्यानं मागं वळून पाह्यलं नाई. मी आजही म्हणते, तो सुमित्राच्या मागं गेलाच नाई, सायकलच्या मागं गेला. दिवाळीले आला तं दारातूनच मले "मामी" म्हणाला. शिकवून धाडलतं. अन् तिले म्हणे मोठी आई.

मंग नव्वद सालानंतरची गोष्ट. सुमित्राच्या नवऱ्याजवळ एक राजदूत मोटरसायकल होती. राकेशचे पाय जमिनीले पुरत नव्हते तवापासून तो ती चालवे. सुमित्रानं कधी रोकलं नाई. मी असती तं तंगडं तोडलं असतं, अन् मंग तो रेसर झाला नसता, हेही खरं. पण हे मी तिच्यासमोर मरेपर्यंत बोलणार नाई.

एकदा नहराच्या पाळीवरून गाडीसकट खाली आला. खांद्याजवळचं हाड मोडलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवला. मी बेसन-भाकर बांधून दोन बस बदलून गेली. सुमित्रा खाटेजवळ बसून होती. "तुमी काऊन तकलीफ घेतली बाई, मी हाय ना," म्हणे. माहा डबा घेतला, खाटेखाली सरकवला, अन् पोराले आपल्या डब्यातली खिचडी चारली. माही भाकर कोणी खाल्ली, का फेकली, कोणाले मालूम. मंग तिनं तो डबा घासून-पुसून नाचणगावले परत पाठवला. आतमंदी काठोकाठ साखर. रिकामा डबा परत देऊ नये ना! चांगल्या वागण्यानं माणसाले किती छळता येते, ते या बाईकडून शिकावं.

राकेश मोठा झाला तशी नागपूरची मातीची शर्यत जिंकला, मंग पुण्याले गेला, मंग पार कोइमतूर. दोनदा देशात पह्यला आला. पेपरात त्याचा फोटो अन् शेजारी सुमित्रा, डोक्यावर पदर. शर्यतीच्या दिवशी मोठी आई घास घेत नाई, असं छापून आलं. अवो, मीही नसे घेत! मले कोणी विचारलं?

दोन हजार सात साली मेघा घरी आली. तिचं सासर पुलगावले, तिथंच ती कंप्युटरचा क्लास घेते. म्हणे, "माय, आपल्या राकेशचं पान निघालं इंटरनेटवर." ज्ञानकोश म्हणे, साऱ्या दुनियेचा. कोणीही वाचावा अन् कोणीही त्यात लिहावं. मी तिच्यासंगं क्लासात गेली. पाह्यलं तं राकेशचा फोटो, शर्यतीचा टोप काखेत. बाजूच्या चौकटीत लिहिलं होतं: जन्म १ जुलै, नालवाडी, वर्धा.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. एक जुलै हा तं गुरुजीनं शाळेत टाकलेला वाढदिवस. त्याच्या वर्गातले अर्धे पोट्टे एक जुलैचे होते. पोळा कधी जुलैत येते का? पण जाऊ द्या, तारखेचं मी सोडलं. नालवाडी?

"कोणीही लिहू शकते ना?" मी म्हटलं. "मंग खोड ते."

मेघानं खोडलं अन् नाचणगाव लिहिलं. मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं पुन्हा नालवाडी. पुन्हा खोडलं. पुन्हा नालवाडी. तिकडून कोण खोडून राह्यलं ते विचाराची गरजच नव्हती. सुमित्राच्या भावाची पोरगी आचल कॉलेजात होती अन् तिच्याच घरी राहे. असं बरेच दिवस चाललं. राकेश बिचारा सकाळी नाचणगावले जन्मे अन् संध्याकाळी नालवाडीले.

मंग तिसराच एक जण मधात पडला. ती पानं तपासणारा. नाव नाई, गाव नाई, नुसतं टोपणनाव. त्यानं लिहिलं का दोघींनीही थांबा, अन् संदर्भ द्या.

"संदर्भ म्हणजे काय?"

"म्हणजे कुठं छापून आलं ते, माय."

"त्याले लिही, कंदील तुह्या मायनं धरला होता."

मेघानं खरंच लिहिलं. जवाब आला: नातेवाइकांनी प्रत्यक्ष पाहिलेलं इथं चालत नाही, प्रकाशित मजकूर हवा.

अव बाप्पा! म्हणजे माह्या डोळ्यानं पाह्यलं ते खोटं, अन् पेपरवाल्यानं कानानं ऐकलं ते खरं? "दाईचं चालंल का?" मी विचारलं. दाई कधीचीच मरून गेलती, पण मले तत्त्वाची गोष्ट पाह्यजे होती. मेघा कपाळाले हात लावून बसली. तिकडं आचलनं काय करावं? नागपूरच्या एका पेपरातली सुमित्राची मुलाखत जोडली. "माझा राकेश याच घरात जन्मला." सुमित्रानं तसं म्हटलं, का लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं जोडलं, हे मले नाई मालूम. पण छापून आल्यावर तिनं ते दुरुस्त नाई केलं, एवढं मालूम हाय. झालं, नालवाडी पक्की झाली.

आता एकच रस्ता उरला होता. राकेशनं आपल्या तोंडानं पेपरवाल्याले सांगावं. हिवाळ्यात वर्ध्याले त्याचा सत्कार ठेवला होता. मी नवं लुगडं नेसून समोरच्या रांगेत जाऊन बसली. दोन खुर्च्या सोडून सुमित्रा. "बऱ्या हाय ना बाई?" म्हणे. मी नुसती मान हलवली. हारतुरे झाले, भाषणं झाले. मंग पेपरवाला प्रेमदास उठला. तो मेघाच्या सासरच्या वळखीतला. त्याले मीच आधी सांगून ठेवलं होतं, एवढं एक विचारजो बाबू म्हणून.

"राकेशजी, तुमचा जन्म नेमका कुठला?"

राकेशनं माह्याकडं पाह्यलं. मंग तिच्याकडं पाह्यलं. चिखलात गाडी आडवी करून वळवणारा पोट्टा, पण कपाळावर घाम आला त्याच्या. म्हणे, "मी वर्धा जिल्ह्यातला. आई लवकर गेली. नातेवाइकांनी वाढवलं मला. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करू?

पुढच्या आठवड्यात मेघानं पान दाखवलं. नालवाडी गेली होती. नाचणगाव आलं नव्हतं. "जन्म: वर्धा जिल्हा. आईच्या निधनानंतर त्याचे संगोपन नातेवाइकांनी केले." पुढं संदर्भाचा बारीक आकडा, प्रेमदासच्या बातमीचा. टोपणनाववाल्यानं खाली लिहून टाकलं होतं, वाद मिटला. तसं पाह्यलं तं एक शब्द खोटा नव्हता. पण त्या "नातेवाइकांनी"मंदी माहं दूध होतं, माहा कंदील होता, अन् सुमित्राची खिचडीही होती. दोघीले एकाच पोत्यात कोंबून पोत्याचं तोंड शिवलं होतं.

मले अन्न गोड लागेना. ह्याईले सांगतलं तं हे म्हणे, बराबर तं लिहिलं हाय. मेघाही म्हणे, "माय, आता तं बराबर झालं ना." मंग माह्या ध्यानात आलं, हा मार माह्यासारखाच लागला असंल असं माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच हाय. मी एसटीत बसली अन् नालवाडीले गेली.

सुमित्रा ओट्यावर तूर निवडत होती. मले पाहून उठली नाई, का हसली नाई.

"वाचलं?" म्हणे.

"वाचलं."

"नातेवाईक," म्हणे.

"वर्धा जिल्हा," मी म्हटलं. "जिल्हा म्हणजे काय, कलेक्टर ऑफिसात झाला का तो?"

ती हसली, अन् हसता हसता तिच्या डोळ्याले पाणी आलं. खरं सांगते, मले बरं वाटलं.

मंग तिनं चहा मांडला. पेता पेता म्हणे, "एक बोलू का बाई? तो माह्याजवळ आला तवा बोलत होता, पळत होता, सारं शिकूनच आला होता. पेपरवाले विचारतात लहानपणी कसा होता, तं मी काईच्या काई सांगून देते. रांगला कवा, चालला कवा, मले काईच मालूम नाई. मी लय जळली तुमच्यावर. ते तीन वर्षं तुमच्याजवळ हायेत. मी कुठून आणू?"

माह्या हातातली बशी तशीच राह्यली. जळली म्हणे! ही! अन् मले वाटे, एवढे वर्षं जळाचं काम मी एकटीच करून राह्यली.

मंग मी सांगाले बसली. पाटाले धरून उभा कसा राह्यला ते सांगतलं. पह्यला दात आला तो मेघाच्याच दंडाले लावला, ते सांगतलं. गोवर निघाला तवा कडुलिंबाच्या पाल्यावर निजवला होता, ते सांगतलं. ती असं ऐकून राह्यली का सुपातली तूर विसरून गेली. मंग तिनं सांगतलं. नालवाडीले आला तवा पह्यले कितीक दिवस तो सायकल उशाशी घेऊन निजे, अन् झोपेत दचकून उठे. शाळेत कोण्या पोट्ट्यानं त्याले बिनमायचा म्हटलं, तं ही बाई चप्पल हातात घेऊन शाळेत गेलती. गोड बोलणारी सुमित्रा! मले तं हे नवीनच होतं. मनात म्हटलं, मी असती तं मीही गेली असती.

"अन् पह्यला शब्द?" ती म्हणे. पुढं सरकून बसली. "पह्यल्यांदा काय बोलला तो?"

मी बशी खाली ठेवली. तिच्या तोंडाकडं पाह्यलं. असं तोंड लेकराचं असते, खाऊची पुडी सोडताना.

"गाडी," मी म्हटलं.

"गाडी?" तिनं टाळीच वाजवली. "पाहा बरं! रक्तातच होतं त्याच्या!" अन् आत जाऊन आचलले सांगून आली. मले बसपर्यंत सोडाले आली, अन् जाताना हातात साखरेचा डबा दिला. यावेळेस मी घेतला.

पंधरा दिवसात ते पेपरात आलं, मोठ्या आईच्या मुलाखतीत. आता ज्ञानकोशातही हाय: "त्याने उच्चारलेला पहिला शब्द 'गाडी' हा होता." पुढं आकडा, संदर्भ. टोपणनाववाल्यानं काई हरकत घेतली नाई. घेईल कशी? छापून आलं ना.

राकेश मेघाच्या आधी बोलला. मी भाकरी थापून राह्यली होती अन् तो माह्या लुगड्याचं टोक धरून उभा होता. "माय," म्हणे. मी वळून पाह्यलं तं पुन्हा म्हणे, "माय." त्याले संदर्भ नाई. सुमित्राले मी सारं दिलं, तेवढं नाई दिलं.