कौलाची ओळ

सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना कुडाळला माझ्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं, तेव्हाच ते म्हणाले, "आता खाली उतरान तां थेट घराकच."

घर म्हणजे गावचं. तिथली न्हाणी परसात, चार पायऱ्या उतरून. म्हणजे त्यांच्या उपयोगाची नाही. म्हणून घराला लागून एक खोली आणि आतच न्हाणीघर बांधायचं ठरलं. खोलीवर कौलं, न्हाणीघरावर स्लॅब. ते झालं की सासरे घरी.

नवरा जहाजावर. गावात धाकटा दीर, त्याच्याकडे देखरेख. आखणी माझ्याकडे. काजू कारखान्यात मालाच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक मीच सांभाळते. त्याच पद्धतीने एका ॲपवर घराचा तक्ता केला. डावीकडे कामं, वर तारखा, मध्ये रंगीत पट्ट्या. एक काम लांबलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पट्टी आपोआप पुढे सरकते. ओळींची नावं मी एका शब्दात ठेवते: पाया, जोतं, भिंत, कौल, स्लॅब, फरशी. शेजारी निवडायला तीनच पर्याय: बाकी, ठरलं, झालं. तक्ता दिराच्या फोनवरही उघडत होता.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी कारखान्यात ट्रक लागलेला असताना दिराचा फोन आला.

"वैनी, कौल झालो. तुझ्या तक्त्यात तारीख घातलंय."

"बघते. बरं झालं."

बघितलं. कौलाच्या ओळीत 'ठरलं', आणि पुढच्या आठवड्यात तीन दिवसांची हिरवी पट्टी. कौलं घालणारे तीन दिवस येणार, माणसांचा राबता असणार. मी लगेच तक्त्यात स्लॅबचं काम त्यातल्या पहिल्याच दिवशी टाकलं. स्लॅबखालचा फळ्यांचा साचा, सेंटरिंग, आधीच बांधून तयार होतं. काँक्रीटचा मिक्सर ठरवला, मुकादमाला फोन केला.

त्या दिवशी सकाळी माझी गाडी पुढे, मागे मिक्सर ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागे कामगारांचा टेम्पो. गावच्या हद्दीवरच्या पुलाशी आलो आणि समोरून गाव आलं.

गुरं पुढे. मागे डोक्यावर टोपं-भांडी घेतलेल्या बायका, खुराड्यातल्या कोंबड्या, रिक्षात घातलेल्या गाद्या, दोरीला बांधलेली कुत्री. शाळेतल्या बाई स्कूटरवर, पुढे गॅसची शेगडी. सगळे बाहेर येणारे, आत जाणारी मी एकटी. कुठे काय फुटलं, कुठे आग लागली, काही कळेना.

गर्दीतून दीर आला. खांद्यावर ताडपत्री.

"गो वैनी, सगळो गाव भायर येता आणि तू मिक्सर घेवन भितर खंय चललंस?"

"काय झालं रे?"

"काय झालां म्हणजे? गावपळण मां! कौल झालो म्हणान मिया तुका सांगलंय. तुझ्याच ओळीत लिवलंय!"

मी पुलावर उभ्या उभ्या फोनवर तो तक्ता उघडला. तीन दिवस. हिरवी पट्टी. कौल.

आमच्या गावात काही वर्षांनी एकदा मानकरी ग्रामदेवाला विचारतात, देवाने कौल दिला की सगळा गाव माणसागुरांसकट तीन दिवस तीन रात्री हद्दीबाहेर जाऊन राहतो. मागे फिरून कोणी बघायचंही नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ओळीचं नाव मी ठेवलं होतं छपराच्या कौलासाठी. दिराने ते वाचलं आणि त्याला वाटलं, वैनी किती हुशार, हिने देवाच्या कौलालासुद्धा जागा ठेवली. कौलं ठरली असती तर तो 'कौलां झाली' म्हणाला असता. 'झालो' म्हणाला. त्या एका ओकारात सगळं होतं आणि मी ट्रकातली पोती मोजत होते.

मुकादम टेम्पोतून उतरला. "बाई, आता उद्यापासून तळेऱ्याला मोठं काम आहे. महिना-दीड महिना आम्ही काही मोकळे होत नाही."

एवढं बोलून त्याने ट्रॅक्टर वळवायला सांगितला. मीही गाडी वळवली.

कुडाळला येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते गॅलरीत बसले होते.

"गावपळण आसा तां तुका म्हायत नव्हतां?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माका परवाच धाकट्याचो फोन इलो."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"तुझ्या तक्त्यात आसा म्हणान तो सांगी. तक्त्यात असलेलां तुका आमी काय सांगतलंव?"

इतक्या याद्या, इतके रंग, आणि मी सोडून सगळ्यांना माहीत. वर ते शांतपणे म्हणाले, "माका थंय घेवन चल."

"कुठे?"

"गाव खंय आसा थंय. माळावर. थंय जिनो नाय."

पुन्हा चौघांनी खुर्ची उचलली.

माळावर झोपड्यांची रांग लागली होती. दिराने बाबांसाठी खाट टाकली, मागे माडाच्या झापांचा आडोसा केला, आत खुर्चीचा संडास ठेवला, पाण्याचा पिंप भरला. तासाभराचं काम. मी वॉकर पुढे केला. ते त्या आडोशापर्यंत आपले आपण गेले आणि आले. फ्लॅटमध्ये दोन खोल्यांमधला उंबरा ओलांडायला त्यांना दोघं लागायची.

दुसऱ्या दिवशी मी दगडावर बसून तक्त्याच्या कंपनीला सूचना लिहायला घेतली. ॲपमध्ये तशी चौकट असते. लिहिलं: ज्याची तारीख आधी कळत नाही पण जे नक्की येणार आहे, अशा कामासाठी वेगळी पट्टी द्या. ती तारखेशिवाय बाजूला थांबलेली दिसावी. तारीख घातली की तिच्याखाली दुसरं कुठलंही काम ठेवता येऊ नये, आणि तक्ता वापरणाऱ्या प्रत्येकाला तसा निरोप जावा.

"काय लिवतंस गो?" सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं.

वाचून दाखवलं.

"आणि संपतली कधी?"

"तीन दिवसांनी."

"तीन दिवसांनी परत कौल लावतले. देवान नाय दिलो तर चौथो दिवस. तुझ्या पट्टीक शेपूट मोकळां ठेव."

दीर हसायला लागला. "कंपनी इचारतली, देवाचो ईमेल काय म्हणान."

"हसू नको रे. ओळीक नाव एक आणि अर्थ दोन, ह्येच्यावर कंपनी काय करतली?" सासरे म्हणाले. "तां तुझां तूच बघ, बाय."

मी शेवटची तारीख मोकळी ठेवायची सोय वाढवून सूचना पाठवली. लगेच उत्तर आलं: आपली सूचना मिळाली, आभार. ते यंत्राने पाठवलेलं होतं. कौलाच्या ओळीला मी तिथेच 'छप्पर' असं नाव दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला गेले. सगळे सामान बांधून उभे. मी गाडीचं दार उघडून ठेवलं होतं, बाबांना कुडाळला न्यायला. कौल झाला, ओरडा झाला, गुरं सुटली. सासरे वॉकर घेऊन उठले आणि गाडीच्या शेजारून गावच्या रस्त्याला लागले.

"बाबा, इकडे!"

"खंय?"

"कुडाळला. स्लॅबला अजून दीड महिना आहे. न्हाणीघराला छप्पर नाही."

"हंय छप्पर होतां? तीन दिवस मिया खंय जाय होतंय?" त्यांनी दिराकडे पाहिलं. "तीं झापां सोडव रे. घराकडे बांध."

दीर झापं सोडवायला धावला. मी दार धरून तशीच उभी. मग दार लावलं, खुर्ची गाडीत टाकली आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागोमाग निघाले.