उस्तादांचा कान

मी एका म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत पार कचरा केला, आणि तो करताना मला मनापासून मजा आली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कोणी चांगुलपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला, वाशीम रोडवर गाड्यांना साऊंड बसवायचं दुकान आहे. दुकान उस्तादांचं. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, उस्तादांनी टेपरेकॉर्डर केले, मग गाड्या. मी वाशीमला आयटीआय करून, नोकरी लागेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नोकरी काही लागली नाही. तिथेच आठ वर्षं गेली.

दुकानाचा एक रिवाज होता. काम कोणीही करो, शेवटचा कान उस्तादांचा. वायरिंग झालं, स्पीकर बसले, की उस्ताद हात धुवून यायचे, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, काचा वर करायचे आणि डोळे मिटून आपल्या पेनड्राईव्हवरची एक जुनी कव्वाली लावायचे. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. पाच मिनिटांनी काच खाली यायची आणि उस्ताद म्हणायचे, "जाऊ दे गाडी." तोवर गाडी हलायची नाही. एका आमदाराच्या माणसालाही त्यांनी तासभर ताटकळत ठेवलं होतं, कारण डाव्या दरवाज्यात एक स्क्रू ढिला आहे असं त्यांना ऐकू येत होतं. आणि स्क्रू ढिला निघाला.

असा कान. आणि त्या कानाचा माज. मी बसवलेलं काम ते गिऱ्हाइकासमोर उपसून काढायला लावायचे. "बहिऱ्या, तुह्या कानात कापूस हाय काय बे?" हे रोजचं. एकदा माझे वडील कामानिमित्त मालेगावला आले म्हणून दुकानात डोकावले. मी मनात म्हटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द बरे बोलेल. उस्तादांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोराचे कान निस्ते चष्मा अडकवाच्या कामाचे हायत." वडील हसले. त्यांना वाटलं, मास्तर लोक असंच बोलतात. ते हसणं मी वडिलांनाही माफ केलेलं नाही.

मग एक दिवस माझ्या हातून चूक झाली. किन्हीराजा गावच्या एका शेतकऱ्याच्या गाडीत मी उजव्या ट्वीटरची तार जोडायलाच विसरलो. ट्वीटर म्हणजे काचेच्या कोपऱ्यातला तो रुपयाएवढा स्पीकर, पातळ आवाजाचा. उस्ताद बसले, कव्वाली लागली. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून तयार होतो. काच खाली आली. "जाऊ दे गाडी."

मला आधी वाटलं, थकले असतील. दुसऱ्या गाडीला मी मुद्दाम दोन्ही ट्वीटर सोडून ठेवले. "जाऊ दे गाडी." त्या दिवशी मला समजलं की उस्तादांचा कान वरून, म्हणजे पातळ आवाजाकडून, विझत आला आहे. त्यांना नाही समजलं. असं बहिरेपण आत येताना दार वाजवत नाही. माणसाला वाटतं, जगच थोडं मंद झालंय.

मी कोणाला सांगितलं नाही. उस्तादांनाही नाही. मला ती गोष्ट खिशात ठेवायला आवडायची. त्यांनी "बहिऱ्या" म्हटलं की मी आतल्या आत हसायचो. मधूनमधून एखादी तार सोडून बघायचो, ते अजून तसेच आहेत ना म्हणून. ते तसेच असायचे, किंवा थोडे पुढे गेलेले.

गंमत अशी की पातळ आवाज त्यांना कमी वाटायला लागला तसा ते तो वाढवत गेले. आमच्या दुकानातून निघालेल्या गाड्या कानात सुया टोचल्यासारख्या वाजू लागल्या. पण कोणी तक्रार केली असेल तर शपथ. मालेगावपासून किन्हीराजापर्यंत लोक त्या किरकिऱ्या आवाजाला 'क्लिअर' म्हणू लागले. एकाच्या बायकोचं गाडीत बसलं की डोकं दुखायचं, तो मला म्हणाला, "तिले सवय नाही ना चांगल्या साऊंडची. उस्तादचा कान हाय, चूक कशी असन?" जे गिऱ्हाईक माझ्याशी नीट बोलायचं त्याची गाडी मी पुढच्या चौकात थांबवून गुपचूप आवाज खाली आणून द्यायचो. जे तोऱ्यात असायचं त्याला तसंच जाऊ द्यायचो. दोन वर्षं हा धंदा चालला.

मग धनजचा एक ट्रान्सपोर्टवाला नवी गाडी घेऊन आला. त्याने मोबाईलवर बघून ठेवलं होतं, त्याला ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरच पाहिजे होता. साध्या गाडीत ॲम्प्लिफायरमधून सगळा आवाज एकत्र निघतो आणि स्पीकरजवळची एक छोटी डबी तो ढोबळमानाने वाटून देते. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर ही वाटणी ॲम्पच्या आधीच करतो. जाड आवाज डिक्कीतल्या वूफरला, माणसाचा गळा दरवाज्यातल्या स्पीकरला, किणकिणता आवाज ट्वीटरला, आणि प्रत्येकाला आपापला ॲम्प. कोणाची हद्द कुठे संपते ते बटण फिरवून ठरवायचं. बाकीच्यांचं तोंड बंद करून एकालाच वाजवताही येतं. काम नीट केलं तर गाणारा माणूस समोर काचेवर बसून गातोय असं वाटतं.

उस्तादांना ती पेटी आवडली नाही. "आवाज का सोयाबीन हाय, चाळून घ्याले?" म्हणाले. पण मला करू दिलं. मी तीन दिवस खपलो. माझ्या आठ वर्षांतलं ते सगळ्यात स्वच्छ काम होतं, हे मी आजही म्हणतो.

चौथ्या दिवशी दुपारी उस्ताद हात धुवून आले. गिऱ्हाईक बाजूच्या सीटवर बसलं. त्याचे दोन दोस्त आणि समोरच्या हॉटेलातला चहावाला उघड्या दरवाज्यांशी वाकून उभे होते. मी मागच्या सीटवर, क्रॉसओव्हर मांडीवर घेऊन. कव्वाली लागली. उस्ताद डोळे मिटून होते. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "बारीक आवाज कुठी गेला? मारून टाकला ना याने. वाढव. बहिरा कुठला." आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "आठ वर्षं झाले शिकवून राह्यलो याले. मशीन आली, पन कान कुठून आनन?"

गिऱ्हाईक हसलं. चहावालाही हसला.

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "उस्ताद, एकेक स्पीकर अलग वाजवून दाखवतो. तुमी सांगा."

"दाखव."

मी वूफर बंद केला. दरवाज्यातले स्पीकर बंद केले. फक्त ट्वीटर राहिले. गाडीभर टाळ्यांची टोकं आणि घुंगरांची चिरचिर पसरली. गिऱ्हाइकाने कान खाजवला.

उस्ताद थांबले होते. "लाव ना," म्हणाले.

"लावलं हाय, उस्ताद."

त्यांचे डोळे अजून मिटलेले होते, पण पापणी हलली. त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं असणार. तिथे ते 'मले ऐकू येत नाही' म्हणाले असते तर मी हात जोडले असते, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं मला माहीत नाही. ते म्हणाले, "हां. हां. बरोबर हाय आता."

इथे मी थांबू शकत होतो. मी ट्वीटरही बंद केले. गाडीत काहीच वाजत नव्हतं. बाहेरून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"आन आता, उस्ताद?"

त्यांनी मान थोडी तिरपी केली. बोट स्टिअरिंगवर हळूहळू ठेका धरत होतं. "आता अजून साफ झालं," ते म्हणाले. "आता जाऊ दे गाडी."

आधी चहावाला खदखदला. मग सगळेच. गिऱ्हाईक तर गुडघ्यावर हात मारत हसत होतं. उस्तादांनी डोळे उघडले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. मी पेटीवरचे दिवे त्यांना दाखवले, तिन्ही लाल, म्हणजे तिन्ही आवाज बंद. मी दाखवले. कोणी सांगितलं नव्हतं.

ते उतरले, चपला घातल्या आणि घरी गेले. चार दिवसांत ही गोष्ट बाजारभर झाली. पानटपरीवर लोक एकमेकांना बंद मोबाईल दाखवून विचारायचे, "कसं वाजते, उस्ताद?" आणि हसायचे. दुकानात येणारे आता माझं तोंड बघायला लागले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळे मिटायला लागलो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

उस्ताद अकराव्या दिवशी सकाळी आले. मी शटर नुकतंच वर केलं होतं. दाढी नीट केलेली, पांढरा सदरा. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, हाकलून देतील. दुकान त्यांचंच होतं.

"ते पेटी तुह्या गाडीत हाय काय?" त्यांनी विचारलं.

होती. माझ्या जुन्या गाडीत मी स्वतःसाठी एक बसवली होती.

"चाल बसू. निस्ता बारीक आवाज ठेव. वरून खाली येत जा. मले ऐकू आलं की मी हात वर करतो. सगळं खरं सांगजो."

आम्ही काचा वर करून बसलो. मी फक्त ट्वीटर चालू ठेवून बटण हळूहळू फिरवू लागलो. त्यावर आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका आवाज पातळ. आठ हजार. सहा. पाच. उस्ताद हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. चार. साडेतीन. तीनच्या जरा आधी त्यांनी हात वर केला, तोही अर्धाच.

"याच्या वर काय काय असते?"

मला तेव्हा गप्प बसायला काय झालं होतं? पण आयुष्यात पहिल्यांदा ते मला विचारत होते आणि मी सांगत होतो. मी सगळं सांगितलं. घुंगरू, मंजिरी, चिमण्या, पैंजण. आणि बोलण्यातला स, श, त, च. माणूस बोलतोय ते कळतं, पण अक्षरांच्या कडा जातात. बायकांचं बोलणं जास्त जातं. "तोंडातल्या तोंडात बोलल्यावानी वाटते," मी म्हणालो.

उस्तादांनी वाकून बटणावरचा आकडा पाहिला. मग म्हणाले, "हे कधीपासून हाय? तुले कधी समजलं?"

"दोन वर्षं झाले," मी म्हटलं. आणि त्यात माझ्या कानाची बढाई होती, ती त्यांनाही ऐकू आली असणार. "मले तवाच समजलं होतं."

"दोन वर्षं."

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मी बटण परत आठ हजारावर नेलं.

उस्तादांची बायको आठ महिन्यांपूर्वी वारली होती. मातीला मीही गेलो होतो. ती असेपर्यंत दुपारचं जेवण मी त्यांच्याच घरी करायचो. ती वाढायची, आम्ही दोघं खाली चटईवर बसायचो.

"मी तिले लय बोललो," उस्ताद समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "सारखं. पुटपुटू नोको, तोंड उघडून बोल. एक दिवस म्हटलं, नीट बोलता येत नसन तं बोलूच नोको. मंग ती नाहीच बोलली. सहा-सात महिने, जाईपर्यंत, हातानंच सांगे. पानी पाहिजे काय, जेवन झालं काय. मले वाटे, अकड हाय."

मी ट्वीटर बंद केले.

"म्हंजे ती नीटच बोलत होती."

"हो, उस्ताद."

"तू तं रोज असे. तुले समजे तिचं बोलनं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं समजे."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते जवळ सरकले, चांगला कान कोणता ते त्यांनाही कळत नव्हतं म्हणून दोन्हीकडून मान फिरवून बघितली, आणि म्हणाले, "मंग सांग ना, ती काय म्हने?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. ताट आठवलं, चटई आठवली, पोळी वाढताना तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज आठवला. ती माझ्याशी बोलायची, हातवारे सुरू होण्याआधी त्यांच्याशीही बोलायची, रोज बोलायची. पण मी तिथे बसून उस्तादांना काय ऐकू येत नाही एवढंच बघत असायचो. तिचं एकही वाक्य मला आठवलं नाही.