उडी शिकवायच्या दोन तऱ्हा

पहिली काठी नडगीवर बसली तेव्हा मी लखनौच्या कडेला चिनहटमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये छताला लटकत होते. लोखंडी तुळईला जाड पट्टे बांधलेले, त्या पट्ट्यांत मी अडकवलेली, आणि खाली आमचे उस्ताद मला गरगर फिरवत ओरडत होते, "बिघाड! बिघाड झालाय! हात कुठायत?"

हात जिथं हवे होते तिथं नव्हते. दुसरी काठी बसली.

मी रेल्वेत पुलांची इंजिनिअर. माहेर सांगलीचं, नवराही रेल्वेतच, त्यामुळे बरीच वर्षं लखनौत वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर. नदीवरच्या गर्डरवरून चालताना खाली बघायची मला कधी भीती वाटली नाही. पण पडायचं कसं ते एकदा शिकावं, असं चाळिशीत मनानं घेतलं. पॅराशूटच्या उड्या शिकवणारा एक खाजगी क्लब निघालाय असं कळलं आणि मी नाव घातलं. लेक म्हणाली, "मम्मी, आप पागल हो गई हो क्या?"

क्लबात शिकवणारे दोघं. एक उस्ताद. साताऱ्याकडचे, लष्करात जन्मभर पोरांना विमानातून ढकलून निवृत्त झालेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. दुसरी एक तरुण मॅडम, लखनौचीच, परदेशात शिकून आलेली. तिची तऱ्हा वेगळी. आधी तिनं मला स्वतःच्या छातीशी पट्ट्यांनी बांधून उंचावरून एक उडी घेतली. मला काही करायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. नंतर तिच्या पद्धतीनं शिकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन शिक्षक धरून उडी मारतात, हवेत बोटांच्या खुणांनी सांगतात, चुकलं तर सावरतात. पण त्याला विमान त्याहूनही खूप उंच न्यावं लागतं, आणि क्लबाचं विमान तेवढं चढेना. म्हणून ठरलं की शिकाऊंनी उस्तादांच्या फौजी पद्धतीनं उडायचं. पहिल्याच खऱ्या उडीला एकटं. पॅराशूटची दोरी विमानाला बांधलेली, माणूस पडला की ती आपोआप पॅराशूट उघडते. जमिनीवरचं शिक्षण मात्र दोघांनी वाटून घेतलं. सकाळी मॅडम, दुपारनंतर उस्ताद.

मॅडम डोळे मिटायला लावून सगळं तोंडानं म्हणवून घ्यायची. छातीवर उजवीकडची लाल उशी, म्हणजे मऊ मूठ, ओढली की बिघडलेलं पॅराशूट सुटतं. डावीकडची कडी ओढली की राखीव उघडतं. चुकलं तर ती म्हणायची, "कोई बात नहीं, फिर से."

उस्ताद हे ऐकून हसायचे. मला मराठीत म्हणाले, "पोरी, वर गेल्यावर डोकं बंद पडतं. बोललेलं सगळं उडून जातं. मार तेवढा अंगात राहतो."

माझ्या दंडांवर, नडग्यांवर काळेनिळे डाग उठले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात मला थांबवून हळूच विचारलं, "भाईसाहब हाथ उठाते हैं क्या?" नवरा त्या दिवशी जेवला नाही. "मी तिथं येतो आणि त्या माणसाला बघतो," म्हणाला. मी त्याला येऊ दिलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की उस्तादांचंच बरोबर असेल.

आमच्या तुकडीत जुन्या लखनौच्या चौक भागातला एक तरुण होता. घरचा चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचा धंदा, बोलणं असं मऊ की शिवीसुद्धा 'आप' लावून द्यायचा. उंच लाकडी ओट्यावरून उडी टाकून, पाय जुळवून कुशीवर लोळायचं, हे त्याला जमत नव्हतं. उस्तादांनी त्याच्या कमरेत लाथ घालून त्याला खाली पाडलं. तो कोपरावर आदळला. उस्तादांनी हेल्मेटच्या पट्ट्याला धरून त्याला उभा केला आणि तोंडात दिली.

"उस्ताद जी, आप दोबारा हाथ मत लगाइएगा," तो म्हणाला.

उस्तादांनी दुसरी दिली.

त्यानं हेल्मेटसकट डोकं उस्तादांच्या तोंडावर हाणलं. नाक फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. रक्त मिशीवरून शर्टावर उतरलं. पुढच्या क्षणी तो पोरगा पालथा पडला होता आणि उस्तादांचा गुडघा त्याच्या मानेवर होता. त्याचे पाय सिमेंटवर तडफडत होते. मॅडम किंचाळली, "छोड़िए उसे! मर जाएगा!" मी उस्तादांची कॉलर मागून धरून सगळं वजन टाकून ओढली. शर्ट फाटला, तेव्हा कुठं ते बाजूला झाले. नाक पुसत म्हणाले, "बघा, आता भीती गेली त्याची."

तो तरुण खोकत उठला, तोंडातलं रक्त थुंकला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. क्लबवाल्याला दुसरा शिकवणारा मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी नाकावर पट्टी लावून उस्ताद हजर होते. हातात काठी होतीच.

उडीचा दिवस मोकळ्या आभाळाचा होता. धावपट्टी शहरापासून लांब, भोवती मोहरीची शेतं. विमानाच्या दारात उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी सुटले. झटका बसला, पॅराशूट उघडलं, पण एका बाजूनं चुरगळून. दोऱ्यांना पीळ पडला आणि मी फिरायला लागले. आधी सावकाश, मग अशी की पाय आडवे झाले आणि डोळ्यांपुढं पिवळं-निळं एक होऊन गेलं.

बिघाड. मला पक्कं कळलं की हा बिघाड आहे. आणि माझे दोन्ही हात वर गेले, कोपरं जुळली, डोकं मी त्यांच्या आड घातलं. आता काठी बसणार म्हणून मी आकाशात अंग चोरून घेतलं.

किती वेळ तशी होते, सांगता येत नाही. कानातल्या रेडिओवर खाली धावपट्टीवर थांबलेल्या मॅडमचा आवाज येत होता. ओरडत नव्हती ती. "लाल वाला. दाहिने हाथ से. लाल वाला." मी हात खाली आणला, उशी ओढली, बिघडलेलं पॅराशूट सुटलं, मग कडी ओढली. राखीव उघडलं तेव्हा जमीन फार जवळ होती. शेताच्या बांधावर एका पायावर आदळले आणि घोट्याचं हाड मोडलं. ते कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं.

उस्ताद विमानातून उतरून धावत आले तोवर मला स्ट्रेचरवर घेतलं होतं. दारातून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"हात डोक्यावर का नेलेस गं? मी कधी शिकवलं तसं?"

"तुमची काठी चुकवत होते," मी म्हणाले.

"माझ्या हाताखालचं आजवर कोणी मेलं नाही," एवढं ते पुटपुटले, पण माझ्याकडे न बघता.

पाय बरा व्हायला पावसाळा उलटला. परत जाऊ नकोस असं घरात सगळ्यांचं मत होतं, आणि ते चूकही नव्हतं. पण रात्री झोपेत माझे हात वर जात होते. नवऱ्याला एकदा कोपर लागून ओठ फुटला. ते अंगातून काढायचं होतं, म्हणून मी पुन्हा चिनहटला गेले आणि पट्ट्यांत लटकले. मॅडम समोर उभी राहिली. उस्तादांनी पट्टे फिरवले. काठी नव्हती, तरी 'बिघाड' म्हटल्याबरोबर माझे हात डोक्यावर गेले. पुन्हा फिरवलं, पुन्हा गेले. मॅडम म्हणत राहिली, "कोई बात नहीं." प्रत्येक वेळी हात वर गेले की उस्ताद पट्टा सोडून जरा दूर जाऊन उभे राहत, आणि परत येत.

आठवडे गेले त्यात. एके दुपारी उजवा हात आपसूक उशीवर पडला. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी मला पट्ट्यांतून सोडवून खाली उतरवलं आणि तिला म्हणाले, "मॅडम, अगली बैच आप ही लीजिए. पट्टे मैं घुमा दूँगा."

हिवाळ्यात मी एकटीनं दुसरी उडी मारली. पॅराशूट चौकोनी, स्वच्छ उघडलं. खाली मोहरी नुकती फुलत होती, आणि वर फक्त वारा होता.